एकच थाइम, सहा वास

अमृतधारा करणं हा दोन मिनिटांचा खेळ आहे. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल सारख्या वजनाने घ्यायचं, कोरड्या बाटलीत टाकायचं, बूच लावून बाटली हलवायची. तिन्ही खडे, तिन्ही कोरडे. चूल नाही, पाणी नाही. तरी बघता बघता खडे पाझरायला लागतात आणि तळाशी पाण्यासारखा द्रव जमतो. तिघं एकत्र आले की मिश्रणाचा वितळबिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली घसरतो, एवढंच त्यामागचं गुपित.

यातलं ‘ओव्याचं फूल’ हे फूल नव्हे. ओव्याच्या तेलातून निघणारा तो स्फटिक आहे आणि रसायनशास्त्रात त्याचं नाव थायमॉल. गंमत अशी की हे नाव ओव्यावरून पडलेलं नाही. ते पडलंय थाइमवरून, म्हणजे पिझ्झावाल्यांच्या मसाल्यांत आणि सूपच्या पाककृतींत दिसणाऱ्या त्या बारक्या पानांच्या झुडपावरून. 1719 मध्ये बर्लिनच्या कास्पार नॉयमान यांना हा खडा मिळाला तो थाइमच्या तेलात. पुढे तो मोठ्या प्रमाणावर काढायची वेळ आली तेव्हा मात्र ओवाच परवडला. ओव्याच्या दाण्यात दोन ते चार टक्के तेल असतं आणि त्या तेलाचा साधारण निम्मा भाग थायमॉलच असतो. पहिल्या महायुद्धापर्यंत भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जायचा, तिथे त्याचं थायमॉल निघायचं. युद्धाने तो रस्ता बंद केला, मग इथेच काढायला सुरुवात झाली.

त्यामुळे मराठीत कुठे कुठे ‘थाइम म्हणजे ओव्याची पानं’ असं लिहिलेलं दिसतं, त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते चूक आहे. ओवा हा जिरं, धणे, बडीशेप यांच्या कुळातला. थाइम तुळशीच्या कुळातलं. दोघांनी आपापल्या वाटेने एकच रेणू बनवायची हातोटी मिळवली आहे. थाइमचे खरे भाऊबंद भारतात आहेत ते हिमालयात, तिथे त्यांना बनअजवायन म्हणतात. तिथल्या लोकांनाही वासावरून ओवाच आठवला, हे नावातच आलं.

पण ‘थाइमला ओव्याचा वास येतो’ हे वाक्यसुद्धा अर्धंच खरं आहे. दक्षिण फ्रान्समध्ये, थाइमच्या मूळ मुलखात, अशी थाइमची झुडपं आहेत ज्यांना ओव्याचा वास येतच नाही. जात तीच, पानं तशीच, फुलं तशीच. पान चुरडलं की मात्र एकाला ओव्याचा वास, दुसऱ्याला धण्याचा, तिसऱ्याला चक्क रोशा गवताचा. हे असं का, हे समजून घेणं म्हणजे थाइम समजून घेणं. आणि ते कळलं की रॉक गार्डनमध्ये थाइम का फोफावतं आणि आपल्या लाडाच्या कुंडीत का मरतं, हेही आपोआप उलगडतं.

आधी झाड बघू. सामान्य थाइम, शास्त्रीय नाव थायमस व्हल्गॅरिस, हे वीतभर उंचीचं, बुंध्याशी लाकडासारखं कडक होणारं बहुवर्षायू झुडूप. पश्चिम भूमध्य समुद्राच्या काठचं. फ्रान्समध्ये मोंपेलिए शहराच्या आसपास चुनखडीच्या उघड्याबोडक्या टेकड्या आहेत. त्यांवरच्या झुडपी रानाला तिकडे ‘गारीग’ म्हणतात. माती नावालाच, बोटभर. बाकी दगड. थाइमच्या सोबतीला रोजमेरी, लॅव्हेंडर, काटेरी पानांचे बुटके ओक. एप्रिल-मे महिन्यांत थाइमला फिकट जांभळी-गुलाबी फुलं येतात आणि मधमाश्या तुटून पडतात. तिकडची जुनी माणसं थाइमला ‘फारिगुल’ म्हणतात.

थाइमचं पान हातात घ्या. पाच-सात मिलिमीटर लांब, कडा खाली दुमडलेल्या, पाठीवर पांढरी लव. ही सगळी पाणी वाचवायची कारागिरी आहे. पान ज्या रंध्रांतून श्वास घेतं ती बरीचशी पाठीवर. त्यांच्यावर लव आणि दुमडलेली कड यांचा आडोसा, म्हणजे कोरडा वारा थेट लागत नाही. शिंपी किंवा घड्याळजी वापरतात तसलं भिंग असेल तर त्यातून पान पाहा. हिरव्या पृष्ठभागावर जागोजागी चमकदार पिवळसर ठिपके दिसतात, मोहरीच्या शंभराव्या भागाएवढे. त्या तैलग्रंथी. खाली तेल बनवणाऱ्या पेशींची चकती, तिच्यावर मेणासारख्या पापुद्र्याचा फुगा, फुग्यात तेल. आपण पान चुरडतो म्हणजे हे फुगे फोडतो. तुळशीचं, पुदिन्याचं, सब्जाचं पान चुरडतानाही हेच घडतं. त्या सगळ्या कुळाचीच ही रीत.

या फुग्यांत कोणतं तेल भरायचं हे प्रत्येक झुडपाच्या रक्तात ठरलेलं असतं. दक्षिण फ्रान्समधल्या थाइममध्ये मुख्य असे सहा प्रकार सापडतात आणि योगायोग असा की त्या सहाही वासांची मराठी नाकाला आधीपासून ओळख आहे.

जेरॅनिऑल भरलेलं थाइम रोशा गवतासारखं, गुलाबाकडे झुकणारं. हाच तो रोशा, ज्याचं तेल खानदेश-निमाडातून मुंबई बंदरामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. लिनालूल भरलेलं थाइम धण्यासारखं; धण्याच्या तेलात लिनालूलच मुख्य असतं. थुयानॉलचं थाइम मरव्याच्या जातकुळीतलं. टर्पिनिऑलवालं फरशी पुसायच्या पाइनच्या द्रावणाची आठवण करून देणारं, पण त्याहून बरंच सौम्य. कार्व्हाक्रॉलचं थाइम पानओव्यासारखं, म्हणजे भजी करतो त्या जाड, लवदार पानांसारखं. आणि सहावं थायमॉलचं, ओव्याचं.

पहिले चार गोडसर, मवाळ. शेवटचे दोन झोंबणारे. रसायनशास्त्रात या दोघांना फिनॉल गटात टाकतात. दोघांचे अणू सारखेच, दहा कार्बन, चौदा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. फक्त ऑक्सिजनची खुंटी कार्बनच्या गोल कड्यावर कुठे ठोकली आहे एवढाच फरक. हे फिनॉल जिवाणूंचं बाह्य आवरण सैल करतात, म्हणून माउथवॉशमध्ये थायमॉल असतं आणि मधमाश्यांच्या पेट्यांत गोचिडीसारख्या किडीवरही ते वापरतात.

आता सहापैकी कोणतं तेल, हे ठरतं कसं? मोंपेलिएच्या फिलिप व्हर्ने, पिएर-आंरी गुयों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वासांच्या झुडपांचे संकर करून हे कोडं सोडवलं. पाटाच्या पाण्याचा दाखला इथे फिट्ट बसतो. ज्यांनी उसाला किंवा कांद्याला रात्री पाणी दिलंय, दारं धरली आहेत, त्यांना तर लगेच कळेल.

समजा एक पाट आहे आणि त्यावर ओळीने वाफे आहेत. पहिला वाफा जेरॅनिऑलचा, मग टर्पिनिऑलचा, मग थुयानॉलचा, मग लिनालूलचा, मग कार्व्हाक्रॉलचा. टेलला, अगदी शेवटी, थायमॉलचा. पहिलं दार उघडं असेल तर सगळं पाणी पहिल्याच वाफ्यात जातं; पुढच्या दारांचं काय चाललंय याला काही अर्थच उरत नाही. पहिलं बंद असेल तर दुसऱ्याची पाळी. असं करत करत टेलच्या वाफ्याला पाणी कधी? वरची पाचही दारं बंद असतील तेव्हाच. टेलच्या शेतकऱ्याचं दुःख इथेही तेच.

प्रत्येक दार म्हणजे एक जनुक. झुडपाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दार उघडायला एकच ‘उघडी’ प्रत पुरते. बंद ठेवायचं तर दोन्ही प्रती ‘बंद’ लागतात. यातून एक मजेदार गोष्ट निघते. रोशाच्या वासाच्या झुडपाच्या पोटात काय काय दडलंय हे बाहेरून कळत नाही. त्याच्या बियांतून लिनालूलचं किंवा थायमॉलचं पोर निघू शकतं. थायमॉलचं झुडूप मात्र पारदर्शक. त्याची पाचही दारं दुहेरी बंद आहेत, म्हणून दोन थायमॉलवाल्यांची सगळी पोरं थायमॉलचीच निघणार.

आता कुणी म्हणेल, की उघडं दार इतकं सहज बाजी मारत असेल तर सगळीकडे रोशाच्या वासाचंच थाइम असायला हवं. शाळेत मेंडेल शिकताना ही गफलत बहुतेकांची होते, माझीही झाली होती. प्रभावी गुण म्हणजे बहुसंख्य गुण नव्हे. एका झुडपात कोण जिंकतं हे जनुकं ठरवतात. डोंगरावर कोण टिकतं हे हवा ठरवते.

आणि ही हवा पाहायची तर मोंपेलिएच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर सँ-मार्तँ-द-लोंद्र नावाचं गाव आहे, तिथे जायला हवं. (यातलं ‘लोंद्र’ म्हणजे लंडन नव्हे.) गाव एका खोलगट भागात आहे, भोवती टेकड्या. जवळच 658 मीटर उंचीचं पिक सँ-लू हे शिखर. इथे थाइमचा वास काही किलोमीटरच्या आत बदलतो. तळाच्या सपाटीत मवाळ वासांची झुडपं, लिनालूल, थुयानॉल वगैरे. भोवतीच्या उतारांवर आणि खोलग्याबाहेर झोंबणाऱ्या वासांची, कार्व्हाक्रॉल आणि थायमॉलची. मध्ये सरमिसळीचा अरुंद पट्टा.

कारण थंडी. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी ओघळत खोलग्यात साचते. तळ गोठतो, उतार बचावतो. आपल्याकडे महाबळेश्वरात हेच होतं. थंडीत वेण्णा तळ्याकाठी दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात, आणि त्याच पहाटे वर गावात पारा बराच वर असतो. सँ-मार्तँच्या तळात पूर्वी शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत उतरणाऱ्या रात्री यायच्या. फेब्रुवारी 1956 ची लाट तर अशी होती की दक्षिण फ्रान्समधल्या ऑलिव्हच्या बागाच्या बागा मेल्या.

शास्त्रज्ञांनी झुडपांची अदलाबदल करून पाहिली, तळातली वर, वरची तळात. झोंबणाऱ्या वासाची झुडपं हिवाळ्याच्या सुरुवातीच्या कडाक्याला बळी पडतात. मवाळ वासाची ती थंडी काढतात, पण उन्हाळ्याच्या कोरड्या काहिलीत मागे पडतात. म्हणजे एका बाजूला गोठण, दुसऱ्या बाजूला होरपळ आणि मधली सीमारेषा वासाने आखलेली. नाक घेऊन त्या रानात चालत गेलं तर हिवाळ्यातल्या किमान तापमानाचा नकाशा वाचता येईल, अशी ही गोष्ट आहे.

ती इथे थांबत नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्ने आणि सहकाऱ्यांनी या खोलग्यातल्या थाइमचा वासवार नकाशा केला होता. जवळपास चार दशकांनी जॉन थॉम्पसन आणि सहकारी, त्यांत ते जुने नकाशाकारही होते, पुन्हा त्याच जागांवर गेले. मधल्या काळात तो जुना कडाका ओसरला होता. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसतं, की झोंबणाऱ्या वासाची झुडपं आता अशा जागी सापडतात जिथे आधी ती नव्हती, आणि सरमिसळीच्या पट्ट्यातही त्यांचं प्रमाण वाढलं आहे. हवामानबदलाच्या बातम्यांत आपण हिमनद्या आणि ध्रुवीय अस्वलं बघतो. इथे तो बदल झुडपाच्या वासात उतरला आणि तोही एका माणसाच्या नोकरीच्या काळात. मला स्वतःला हे हिमनदीपेक्षा जास्त हलवून गेलं.

हवेखेरीज आणखीही वाटेकरी आहेत. गोगलगायी थाइम खाताना वास निवडून खातात. झुडपाखालच्या मातीत गळलेल्या पानांचं तेल मुरतं आणि तिथे दुसऱ्यांच्या बियांना रुजणं जड जातं. पण शेजाऱ्यालाही सवय होते. ब्रोमस नावाच्या तिथल्या गवतावर प्रयोग झाले तेव्हा दिसलं, की ज्या वासाच्या थाइमशेजारी ते पिढ्यान्‌पिढ्या वाढलंय, त्या वासाच्या मातीत ते अधिक बरं वाढतं. वाड्यातल्या बिऱ्हाडांना एकमेकांच्या फोडण्यांची सवय व्हावी तसं.

थाइमचा संसारही जरा वेगळाच. काही झुडपांच्या फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, काही झुडपं निव्वळ मादी असतात. डार्विनने 1877 च्या फुलांवरच्या पुस्तकात याची दखल घेतली होती. मादी झुडपं बिया जास्त धरतात हेही त्याने मोजून पाहिलं होतं. हा विषय मोठा आहे, आज त्यात शिरत नाही.

आता दगडांच्या बागेकडे. रॉक गार्डन म्हणजे शोभेला चार धोंडे मांडणं नव्हे. दगडांमुळे तीन कामं होतात. पाणी थांबत नाही, निथळून जातं. दगड दिवसभर ऊन पितात आणि रात्री ऊब सोडतात. आणि झुडपाच्या मानेशी, म्हणजे खोड जिथे मातीत शिरतं तिथे, खडी असल्यामुळे ओल राहत नाही, बुंधा कुजत नाही. थोडक्यात, गारीगची नक्कल. म्हणूनच युरोपातले बागवाले जमिनीलगत पसरणारं थाइम फरशांच्या फटींत लावतात. येता-जाता पाय पडला की वास सुटतो आणि झाडाचं काही बिघडत नाही.

थाइमला खत-पाणी भरपूर दिलं तर काय होतं? ते लांबोडं, लुसलुशीत होतं, मधूनच उघडं पडतं, वासही पातळ होतो आणि एका पावसात झोपतं. माझी पहिली दोन रोपं अशीच गेली. विकणाऱ्याने ‘रोज पाणी घाला’ सांगितलं होतं. मी शेणखत घालून, सकाळ-संध्याकाळ पाणी घालून दोन्ही जुलैत मारली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, हाताला चिकटणारी.

तेव्हा मी पुण्याचा आणि मोंपेलिएचा पाऊस ताडून पाहिला आणि चक्रावलो. वर्षाची बेरीज जवळपास सारखी. पुण्यात सातशे मिलिमीटरच्या थोडा वर, तिकडे साधारण सहाशे ते सातशेच्या दरम्यान. म्हणजे पाणी जास्त झालं हे उत्तर पुरत नाही. फरक आहे वेळेचा. तिकडे पाऊस मुख्यतः शरद ऋतूत, गारव्यात येतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर, उष्मा आणि ओल हातात हात घालून. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला नेमकं हेच हवं असतं. थाइमच्या वर्षाचं वेळापत्रक आपण उलटं करून देतो.

म्हणून आता मी लागवड ऑक्टोबरात करतो, पाऊस सरल्यावर. मातीची कुंडी, तळाला विटांचे तुकडे, आत निम्मा मुरूम नाहीतर जाड वाळू आणि निम्मी बागेतली माती. चुनखडीच्या मुलखातलं झाड आहे म्हणून एखादी चिमूट विरलेला चुना. शेणखत अगदी नावाला. वर बोटभर खडीचा थर. गच्चीवर जिथे ऊन सर्वांत जास्त पडतं तिथे कुंडी. बोट घालून माती दोन पेरं कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. मेमध्ये दुपारच्या उन्हाला थोडी सावली, आणि पहिल्या वळवाच्या सरीनंतर कुंडी वळचणीला, जिथे वारा लागेल पण धार पडणार नाही. चार-पाच वर्षांत बुंधा लाकडी होऊन मधून उघडा पडतोच. त्याआधी खालची एखादी फांदी मातीवर दाबून वर खडा ठेवायचा. मुळं फुटली की कापून नवी कुंडी.

रोप विकत घेताना एक पान चुरडून बघा. आपल्याकडे सामान्य थाइम म्हणून मिळतं ते मी पाहिलं तेवढं सगळं ओव्याच्या वासाचं निघालं. दोन थायमॉलवाल्यांची पोरं थायमॉलचीच असल्यामुळे असं बी वासाला भरवशाचं राहतं. मवाळ वासाचं हवं तर बियांवर भरवसा नाही, त्याच झुडपाची फांदी लावावी लागते. सुगंधी तेलाच्या चांगल्या बाटल्यांवर थाइमच्या नावापुढे लिनालूल की थायमॉल हेही छापलेलं असतं, आणि ते वाचणं गरजेचं आहे, कारण थायमॉलचं तेल तसंच कातडीला लावलं तर चांगलंच भाजतं.

माझ्या वळचणीला सध्या एक थायमॉलवालं आहे आणि शेजारी मरव्याची कुंडी. सँ-मार्तँच्या तळातलं थुयानॉलचं थाइम कसं लागत असेल याचा अंदाज घ्यायचा झाला, तर तूर्त मरव्याकडेच वाकावं लागतं.